मोठा पंप, लहान पंप

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं एक गाव. तालुका दर्यापूर, म्हणजे जिल्हा अमरावती. पण गाडीला किक मारली की थोड्याच वेळात अकोला जिल्ह्याची हद्द लागते. त्यामुळे लग्नाचा बस्ता, ट्रॅक्टरचे पार्ट आणि लेकरांचा डॉक्टर, सगळं अकोल्याला. सरकारी कागद तेवढे अमरावतीला.

या गावातल्या एका घरात दोन तऱ्हेचे पंप होते. मोठा पाठीवर अडकवायचा, फवारणीचा. लहान मुठीत मावणारा, आठ वर्षांच्या नातीचा, दम्याचा. आपल्याकडे दोन्हींना पंपच म्हणतात. मोठा पंप ओसरीत खुंटीला उघड्यावर टांगलेला असे. लहान पंप डब्यात, डबा गोधडीत आणि गोधडी लोखंडी पेटीत. पोट्टीची जात, उद्या सोयरीक जमवायची, दम्याचं नाव गावभर झालं तर कोण उंबरा चढेल, हा आजीचा हिशोब.

आजीला दमा कोणी शिकवायची गरज नव्हती. तिचा नवरा अकोल्याच्या एका जिनात हमाल होता. रात्री घरी आला की भुवयांपासून पायापर्यंत पांढरा, कापसाच्या तुसानं माखलेला. आधी नुसता खोकला, मग धाप, मग भिंतीला टेकून बसूनच झोप. पन्नाशीही न पाहता एका रात्री तो तसाच बसल्या बसल्या गेला. त्या काळी या घरात पंप नव्हता. होता तो ओव्याचा धूर आणि कोजागिरीच्या रात्री दुधातून मिळणारं कुठलंसं औषध. धूर घेतला की त्याला घटकाभर बरं वाटतं असं तो म्हणायचा. बायकोचं मन राखायला म्हणत असेल. पण आजीनं तेवढं घट्ट धरून ठेवलं होतं.

22 मार्च 2020 ला गावानं थाळ्या वाजवल्या आणि दोन दिवसांनी देश बंद झाला. जिल्ह्यांच्या सीमाही बंद. अकोला, जे कालपर्यंत हाकेवर होतं, ते पास असल्याशिवाय गाठता येईना. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अमरावतीत आणि अकोल्यात पहिले रुग्ण निघाले. रोग फुफ्फुसाला धरतो, एवढं घरात सगळ्यांना कळलं. आणि सगळ्यांनी एकाच वेळी त्या पोरीकडे पाहिलं.

मग प्रत्येकानं आपापल्या परीनं तिला वाचवायला घेतलं.

बापानं मोठा पंप खुंटीवरून काढला. ग्रामपंचायत हायपोक्लोराइट फवारत होतीच. त्यातलंच कॅनभर त्यानं आणलं. रोज सकाळी तो पंप पाठीला लावून कवाड, उंबरठा, ओसरी, भाजीची पिशवी आणि गाडीचं सीटही ओलं करू लागला. हाच पंप दर पावसाळ्यात कपाशीवर चाललेला. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. फवाऱ्यातलं औषध नाकातून थेट माणसाच्या आत जातं, हे वऱ्हाडानं एवढं मोल देऊन शिकलं होतं. तरी भीतीपुढे ते आठवलं नाही. माणसांच्या अंगावर असलं काही फवारू नका, असं केंद्र सरकारनं 18 एप्रिलला कळवलं. ते या घरापर्यंत पोचलंच नाही. बाप बाहेरून आला की बायकोला म्हणायचा, "मार माह्या अंगावर पंप," आणि ती मारायची. ती स्वतः दिवसातून तीनदा फिनाइलनं फरशी पुसायची, आणि न्हाणीत हायपो ओतल्यावर वरून संडासाचं ॲसिड टाकायची, म्हणजे दोन्हींचा जोर होईल. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो हे तिला कोण सांगणार? तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तिला वाटायचं, औषध चांगलं लागून रायलं.

आजीनं धुपाटणं काढलं. गोवरीचा इस्तो, त्यावर कडुनिंबाचा पाला, गुग्गुळ, ओवा, कापूर. सकाळ-संध्याकाळ घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून धूर, आणि धूर बाहेर जाऊन वाया जाऊ नये म्हणून खिडक्या बंद.

पुण्यातल्या काकानं व्हॉट्सॲपवर आलेला संदेश पुढे धाडला: स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती कमी होते. पोरीच्या रोजच्या पंपात स्टेरॉइड असतं, हे बापाला डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलेलं. तो पंप नाहीतरी संपत आला होता आणि अकोल्याचा रस्ता बंद होता. दर्यापुरातली मेडिकलची दुकानं उघडी होती, चिठ्ठी दाखवली असती तर मिळाला असता. पण नको असलेली वस्तू मिळत नाही असं वाटलं की मनाला बरं वाटतं. पंप बंद झाला. निळा पंप, जो दम लागल्यावरच घ्यायचा, तो तेवढा पेटीत राहिला. त्याच्याबरोबरचा स्पेसर, ती प्लास्टिकची फुगीर नळी, आईनं जंतू मरावे म्हणून खळखळत्या पाण्यात उकळली. ती वाकली आणि तडकली.

आणि माजघरात कापूस होता.

हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. वऱ्हाडात कापूस वेचायच्या आधी शेतात सीतादही करतात, आणि वेचून आलेला कापूस घरातल्या सगळ्यांत चांगल्या खोलीत भरतात, कारण ती लक्ष्मी. एरवी तो होळीच्या आगेमागे विकला जातो. त्या वर्षी खरेदी थांबली. सीसीआय आणि पणन महासंघाची केंद्रं बंद झाली, पुन्हा उघडली तेव्हा दिवसाला मोजक्या गाड्या आणि नंबरासाठी नोंदणी. लांब धाग्याचा हमीभाव होता 5550 रुपये क्विंटल, आणि खासगी व्यापारी त्याच्या कितीतरी खाली मागत होते. त्यामुळे एप्रिल-मे उजाडला तरी हजारो घरांत कापूस छतापर्यंत तसाच. या घरात वीस क्विंटल. त्याच्यात उन्हाळ्यात बारीक किडे होतात, अंगाला खाज सुटते, आणि तूस तर वारं नसतानाही उडतं. पोरीचं अंथरूण त्याच माजघराच्या दाराशी, कारण घरात तीच जागा थंड.

पोरगी काय करायची? दिवसातून चार-पाच वेळा उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायची. मे महिना, पारा 45 च्या वर, तरी बाहेर. प्रत्येक वेळी कोणीतरी दंडाला धरून आत आणायचं. "बाहेर कोरोना आहे, समजत नाही का तुले?" ती आत यायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा दाराशी. आई म्हणाली, पोट्टी जिद्दी झाली. बाप म्हणाला, कोंडून कंटाळली. तू बाहेर काहून जातं, असं मात्र तिला कोणी विचारलं नाही.

मला या गोष्टीत थांबावंसं वाटतं ते इथेच. घरातल्या तिन्ही मोठ्या माणसांचं तिच्यावर अपार प्रेम होतं आणि तिघंही दिवसरात्र तिच्यासाठी राबत होते. घरात कुठे हवा आहे हे ठाऊक असलेलं माणूस एकच होतं, आणि त्याचं वय आठ.

मेच्या एका रात्री अडीचच्या सुमाराला आईला जाग आली. पोरगी अंथरुणावर पुढे वाकून, गुडघ्यावर हात टेकून बसली होती. खांदे वरखाली होत होते. कंदिलाच्या उजेडात दिसलं, प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते आहे आणि गळ्याखालचा खळगा खोल जातो आहे. "काय होऊन रायलं?" म्हणून विचारलं तर तिनं एक शब्द उच्चारला, मग श्वास, मग दुसरा शब्द. "बा... हेर... ने." आजी लगबगीनं इस्तो पाहायला उठली.

दवाखान्यात न्यावं तर भीती. दम लागलेलं लेकरू पाहिलं की कोरोनावाल्यांत टाकतील, सगळ्यांना शाळेत कोंडतील, गाव वाळीत टाकेल. अर्धा तास असाच गेला. शेवटी आईनं पेटी उघडली, जुनी चिठ्ठी काढली आणि त्यावरचा अकोल्याच्या डॉक्टरांचा नंबर लावला. दुसऱ्या वेळी फोन उचलला गेला.

डॉक्टरांनी आधी तिचा श्वास ऐकू द्या म्हटलं. मग म्हणाले, "पहिलं तिला घराबाहेर न्या. ओट्यावर. सरळ बसवा, निजवू नका. आणि धूप-बिप काही नको." मग विचारलं, "निळा पंप आहे? स्पेसर?" पंप होता, स्पेसर नव्हता. पोरीला नुसता पंप तोंडात धरून ओढायचं त्राण नव्हतं. औषध जिभेवरच राहिलं असतं. डॉक्टर म्हणाले, "भाऊ, अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली आहे का घरात?"

बापानं कोनाड्यातली रिकामी बाटली घेतली. चुलीत सळई तापवली. पंपाचं तोंड बाटलीच्या बुडावर ठेवून खुणेनं आकार काढला आणि तापलेल्या सळईनं प्लास्टिक वितळवत, कडा पंपाच्या तोंडाला नीट बसतील असं भोक पाडलं. त्याचे हात थरथरत होते, पण मोठ्या पंपाचे नोझल वर्षानुवर्षं दुरुस्त केलेले हात होते ते. पंप बुडात खोचला, फटीवर चिकटपट्टी गुंडाळली, बाटलीचं तोंड पोरीच्या ओठांत दिलं. पंप हलवला. एक दाब, बाटलीत पांढुरकं धुकं भरलं, ती त्यातून हळूहळू सहा श्वास घेते तोवर डॉक्टर फोनवरून मोजत होते. पुन्हा हलवला, पुन्हा एक दाब, पुन्हा सहा. अशी बाटली बाजारच्या स्पेसरइतकीच काम करते, हे दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या डॉक्टरांनी 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं आहे. गरिबाच्या लेकरासाठी कोणीतरी तिकडे बसून एवढा विचार केला होता, आणि तो वीस वर्षांनी दर्यापूर तालुक्यातल्या एका ओट्यावर कामी आला.

तोवर आईनं 108 लावला होता. वीस मिनिटांनी पुन्हा पंप दिला. गाडी आली तेव्हा पोरगी तीन-चार शब्द सलग बोलत होती. दर्यापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात ऑक्सिजन लावला, स्वॅब घेतला. तो निगेटिव्ह आला. कोरोना नव्हताच. बाहेरून काहीच आलं नव्हतं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी आशाताई आली. तोंडाला मास्क. उंबरठ्यातून एक पाऊल आत टाकलं आणि तिला ठसका लागला. ती मागे सरली, पुन्हा आत आली, माजघराचं दार ढकललं आणि उभीच राहिली. मग आजीजवळ अंतर राखून ओट्यावर बसली.

"आजी, मले सांगा, पोरगी बाहेर कायले येत होती?"

आजी गप्प. मग आतून पोरीचाच आवाज आला, "आत नाक बंद होते माह्यं. बाहेर उघडते."

आशाताईनं कोणाला दोष दिला नाही. एकेक वस्तू दाखवत गेली: हा हायपो, हे फिनाइल, हे धुपाटणं, रात्रीची मच्छर अगरबत्ती, हा कापूस. दम्याच्या लेकराच्या श्वासनळ्या आधीच आतून सुजलेल्या असतात. असलं काही नाकात गेलं की त्या चिडतात, आवळतात, चिकट होतात. तुम्ही-आम्ही शिंकून मोकळे होतो, तिची वाटच बंद होते. साबणाच्या पाण्यानं फरशी पुसा, हात धुवा, कवाडं उघडा. हायपो लावायचाच तर पोरगी बाहेर असताना कडीकोयंड्याला फडक्यानं लावा, फवारू नका, आणि ॲसिडशी कधी मिसळू नका.

डॉक्टरांनी फोनवर बापाला दुसरं समजावलं. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्याही हजाराव्या भागात मोजतात, आणि ते थेट श्वासनळीत उतरतं. दम्याच्या रुग्णांनी साथीत हा पंप बंद करू नये, असंच जगभरचे दमातज्ज्ञ तेव्हाही सांगत होते. बापाला हे आकडे कळले नसावेत. मग डॉक्टर म्हणाले, "रोजचा पंप म्हणजे निंदण-डवरण. निळा पंप म्हणजे आग लागल्यावरची बादली. तुम्ही डवरणं सोडलं आणि बादलीवर बसून राहिले." हे त्याला कळलं. शेजाऱ्यांनी वाफेचं मशीन, नेब्युलायझर, देऊ केलं होतं. त्यालाही डॉक्टरांनी नको म्हटलं. त्यातून थेंब खोलीभर उडतात, साथीच्या दिवसांत पंप आणि स्पेसरच बरा.

राहिला कापूस. बाप माजघराच्या दारात उभा राहून त्या ढिगाकडे पाहत होता. महासंघाकडे नंबर लागला होता, पाळी आली नव्हती. व्यापाऱ्याला द्यावा तर वर्षाची कमाई पाण्यात. ठेवावा तर पोरगी. आजी भिंतीला टेकून बसली होती, तिचा नवरा बसायचा तशीच. ती म्हणाली, "गोठ्यात टाक."

"अन् ढोरं, माय?"

"लिंबाखाली बांध. ढोराले झाड चालते."

"पाऊस आला तं?"

"आला तं आला. याच कापसानं तुह्या बापाचा जीव घेतला. मी त्याले धूर देत बसली." मग ती आशाताईकडे वळली. "बाई, मंग इतके दिवस मी या पोरीले काय देत होती?"

आशाताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती एवढंच म्हणाली, "जीव लावत होत्या, आजी. पन दार लावून."

त्या दिवशी गावातली सहा माणसं तोंडाला रुमाल बांधून आली आणि वीस क्विंटल कापूस गोठ्यात गेला, वरून ताडपत्री. पोरगी तेवढा वेळ गावाबाहेर, मावशीच्या शेतातल्या आंब्याखाली. माजघर ओल्या फडक्यानं पुसलं, जाळ्या काढल्या, बाहेरच्या भिंतीतली मातीनं लिंपून टाकलेली जुनी खिडकी बापानं सब्बलीनं फोडून उघडी केली. मृगाचा पहिला पाऊस अपेक्षेपेक्षा जोरात आला; ताडपत्री एका बाजूनं उडाली आणि दोन क्विंटल कापूस भिजून पिवळा पडला. बाकीचा जूनच्या अखेरीस हमीभावानं गेला. त्या दोन क्विंटलाचा हिशोब त्या घरात कोणी काढला नाही.

पुढचं थोडक्यात. 15 सप्टेंबर 2020 ला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि पथक दाराशी आलं. घरात कोणाला जुना आजार, असं त्यांनी विचारलं. बापानं आजीकडे पाहिलं. आजीनंच सांगितलं, "नातीले दमा आहे. लिहा." त्या गावात त्या दिवशी आणखी दोन घरांनी आपापल्या लेकरांचा दमा लिहून दिला.

फेब्रुवारी 2021 मध्ये दुसऱ्या लाटेनं महाराष्ट्रात पहिल्यांदा डोकं वर काढलं ते इथेच, अमरावती, अकोला आणि यवतमाळात. 22 फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरं पुन्हा बंद झाली. एका लग्नाहून आलेली आजी तापली. नमुना अमरावतीला गेला, पॉझिटिव्ह आला. या वेळी घरात कोणी धावाधाव केली नाही. आजी स्वतःहून माजघरात गेली, रिकाम्या, खिडकी उघडी असलेल्या. 17 दिवस तिचं ताट दाराशी. घरात सगळ्यांच्या तोंडाला मास्क. पोरीचा रोजचा पंप एक दिवसही चुकला नाही. चौथ्या दिवशी तिलाही ताप आला, दोन दिवस राहिला आणि उतरला. धाप लागली नाही. ज्या मुलांचा दमा औषधानं ताब्यात असतो त्यांना कोरोना इतर मुलांपेक्षा विशेष जड जात नाही, असंच पुढे ठिकठिकाणच्या डॉक्टरांना आढळलं. किंबहुना पहिल्या टाळेबंदीत अनेक देशांत दम्यासाठी भरती होणारी मुलं कमी झाली होती. शाळा बंद, सर्दी-पडसं कमी, बाहेरचा धूर कमी. मुलांना श्वास घ्यायला ते दिवस खरं तर बरे होते. त्या उन्हाळ्यात या घरात तेवढ्या खिडक्या उघडायच्या राहिल्या होत्या.

दम्याचं लेकरू तुमच्या घरात असेल तर आज एवढं करा. त्याच्या खोलीत, त्याच्या अंथरुणावर, त्याच्या उंचीला डोकं टेकवून डोळे मिटा आणि पाच मिनिटं नुसता श्वास घ्या. मग त्याला विचारा, तुला कुठे बरं वाटतं. ते सांगेल ते ऐका. आणि पंप पेटीतून बाहेर काढा.

त्या घरात मोठा पंप आता गोठ्यात टांगलेला असतो आणि हंगामातच निघतो. लहान पंप देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, आणि त्याच्याजवळ सळईनं भोक पाडलेली ती बाटली. नवा स्पेसर आला तरी आजीनं ती टाकू दिली नाही. रोज रात्री जेवणं झाली की पोरगी दोन दाब घेते, आणि आजी अंधारातून विचारते, "चूळ भरली का वो?"